तोडीला गेलेली गरोदर बाई: मनावरचा ताण आणि पोटातल्या बाळाशी नातं

तपासताना आम्ही प्रत्येक गरोदर बाईला एक प्रश्न हमखास विचारतो, "बाळ फिरतंय का?" बहुतेक जणी लगेच पोटावर हात ठेवतात आणि कुठल्या बाजूला लाथ मारतं तेही सांगतात. काही जणी मात्र म्हणतात, "फिरत असंल. ध्यान कुठं राहतंय, डॉक्टर." हे उत्तर गाव सोडून कामाला गेलेल्या बायकांकडून जास्त ऐकायला येतं. सोबतची सासू किंवा नणंद कधी कधी त्यावर हसते, कधी रागावते: "कशी आई आहे बघा!" हा लेख त्या उत्तराबद्दल आहे. ती वाईट आई नाही, आणि असं उत्तर आलं तर त्याकडे नीट लक्ष द्यायला हवं.

तुम्ही ताडकळसच्या असा, पूर्णा, पालम किंवा गंगाखेड भागातल्या असा, घरातलं नाही तर शेजारचं कुणीतरी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातंच. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूर-नगरकडे, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, कोपीतच संसार. काही जोडपी पुण्याकडे बांधकामावर किंवा कंपनीत जातात. त्यांची खोली पक्की असते, पण शेजारी कोण राहतं ते माहीत नसतं. गरोदरपणाचे नऊ महिने आणि हंगामाचे पाच-सहा महिने एकमेकांवर आले की बाईचं बरंच गरोदरपण परक्या ठिकाणी जातं.

अंतराने नेमकं काय तुटतं?

कष्ट गावातही असतात. गावात रोजगाराला जाणारी बाई काही कमी राबत नाही. पण गावात तिच्याभोवती माणसं असतात. ओकाऱ्या होतात म्हटल्यावर ताक आणून देणारी जाऊ असते, पाय सुजलेले बघून "अगं, बीपी तपासून ये" म्हणणारी आशाताई असते, सातव्या महिन्यात ओटी भरायला येणाऱ्या बायका असतात. पहिलं बाळंतपण असेल तर माहेरची वाट बघायची असते. डोहाळे विचारणं, ओटी भरणं हे आपण नुसते सोपस्कार समजतो. डॉक्टर म्हणून मला त्यात एक फार उपयोगाची गोष्ट दिसते. घरातलं, गल्लीतलं प्रत्येक माणूस त्या बाईला सांगत असतं, "तुझ्या पोटात बाळ आहे, आम्हाला माहीत आहे." असं सारखं कानावर पडलं की तिचंही लक्ष पोटाकडे जातं.

फडात हे कुणी विचारत नाही. पहाटे उठून भाकरी करायच्या, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. खाडा पडला तर पैसे कापले जातात. थोरलं लेकरू गावी आजीपाशी ठेवलेलं असेल तर जीव तिकडे. फेडायची उचल डोक्यावर. अंघोळीला आडोसा नाही, रात्री बाहेर जायची भीती. अशा दिवसात पोटातल्या बाळाचा विचार करायला वेळच नसतो. शिवाय आधीचं बाळ पोटात किंवा जन्मताना गेलं असेल, तर मन मुद्दामच लांब राहतं. अशा बाया आम्हाला सांगतात, "आधी जीव लावला होता, डॉक्टर. आता नीट हातात येईस्तोवर काही बोलायचं नाही." दुखू नये म्हणून मनाने केलेला तो बचाव असतो. त्याला दगडासारखं मन म्हणू नका.

ताणाने बाळाला काय होतं, काय होत नाही

घाबरलो, चिडलो की शरीरात काही रसायनं वाढतात. त्यात कॉर्टिसॉल हे एक मुख्य. छातीत धडधडतं, हाताला घाम येतो, थोड्या वेळाने सगळं शांत होतं. एखाद्या दिवशी भांडण झालं, रडू आलं, तर त्याने बाळाला इजा होत नाही. "तू रडलीस तर लेकरू रडकं निघेल" असं कुणी म्हणत असेल तर कृपा करून थांबवा. आधीच रडणाऱ्या बाईच्या डोक्यावर त्याने आणखी एक ओझं चढतं.

आठवडेच्या आठवडे न उतरणारा ताण मात्र वेगळा. झोप उडते, जेवण कमी होतं, बीपी वाढायला मदत होते. असा ताण आणि दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणं, कमी वजनाची बाळं, यांचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे. संबंध आहे म्हणजे प्रत्येकीला तसं होईलच असं नाही. ताण असलेल्या बहुतेक बायकांना चांगली, भरल्या वजनाची बाळं होतात.

जास्त नुकसान ताण आडवाटेने करतो, आणि त्या वाटा अडवता येतात. पहिली वाट पाण्याची. संडासाची सोय नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, थंडी-ताप येतो, पोटात कळा येतात आणि वेळेआधी बाळंतपण होऊ शकतं. दुसरी मिश्रीची आणि तंबाखूची. "मिश्री लावली की डोकं हलकं होतं" असं बाया सांगतात, आणि क्षणभर होतही असेल, पण तंबाखूने बाळाचं वजन घटतं. तिसरी कंबरदुखीच्या गोळ्यांची. दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या गरोदरपणात, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. बाळाच्या मूत्रपिंडांवर आणि हृदयाच्या रक्तवाहिनीवर त्यांचा परिणाम होऊ शकतो. मोळ्या उचलून कंबर दुखणारच, त्यामुळे ही गोळी जवळपास प्रत्येक कोपीत सापडते.

नातं आपोआप जुळतं का?

सिनेमात दाखवतात तसं पहिल्या क्षणी काळीज भरून येणं काही जणींना होतं, सगळ्यांना नाही. बऱ्याच जणींना हे नातं हळूहळू कळतं. काहींना बाळ जन्मल्यावरही दोन-चार आठवडे लागतात. यात काही बिघडलेलं नाही.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे पाचव्या महिन्यात कळते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला थोडी आधी. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळाला आवाज ऐकू येऊ लागतो, आणि सगळ्यांत जास्त ऐकू येतो तो आईचा, कारण तो बाहेरूनही येतो आणि तिच्या शरीरातूनही. 1980 साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फिफर या संशोधकांनी जेमतेम दोन-तीन दिवसांच्या बाळांवर एक प्रयोग केला. चोखणीत चोखण्याची लय बदलली की आईचा आवाज ऐकू येईल अशी योजना होती. बाळांनी लय बदलली. परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज त्यांना हवा होता. म्हणजे तुमचं लक्ष बाळाकडे नसलं तरी तुम्ही जाऊबाईशी बोलता, बैलाला हाकारता, फोनवर थोरल्याला रागावता, ते सगळं बाळ ऐकत असतं आणि तुम्हाला ओळखायला लागलेलं असतं. त्यासाठी गर्भसंस्काराची महागडी सीडी लागत नाही.

मग करायचं काय? मी बायांना एकच सवय सांगतो, कारण चार सांगितल्या तर एकही होत नाही. रात्री जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडायचं, हात पोटावर ठेवायचा आणि बाळाच्या दहा हालचाली मोजायच्या. सातव्या महिन्यापासून हे रोज करायचं. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा नेहमी खूप फिरणारं बाळ अचानक शांत वाटलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. ही मोजणी बाळ ठीक आहे का हे बघण्यासाठी आहे. पण तिच्यामुळे दिवसातला थोडा वेळ तुमचा आणि बाळाचा होतो. श्वास आपोआप लांब होतो. आतून लाथ बसली की बरीचशी माणसं हसतातच. नवरा जवळ असेल तर त्याचाही हात ठेवू द्या. बाळाशी बोलायची लाज वाटत असेल तर बोलू नका, गुणगुणा. दळताना आजी म्हणायची त्यातलं एखादं गाणं आठवत असेल तर ते म्हणा. आठवत नसेल तर आईला फोन लावून तिला म्हणायला सांगा आणि फोनचा स्पीकर चालू ठेवा. माहेर तेवढं तरी जवळ येतं.

आधीचं बाळ गेलेलं असेल तर त्याबद्दल कुणाशी तरी एकदा मोकळेपणाने बोला. गेलेल्या बाळाचं दुःख आणि येणाऱ्या बाळाची माया एका वेळी मनात असू शकते.

जाण्याआधी घरात बोलून ठरवा

सल्ला म्हणून विचाराल तर सातव्या महिन्यानंतर फडावर जाऊ नये. आधीचं बाळंतपण अडलेलं, सिझेरियनचं, किंवा आता बीपी, रक्तस्राव, जुळं असं काही असेल तर अजिबातच जाऊ नये. हे सांगणं सोपं आहे, याची मला कल्पना आहे. उचल दोघांच्या नावावर असते, आणि बाई थांबली तर कोयता अर्धा होतो. म्हणूनच ही गोष्ट उचल घेण्याआधी बोलायची. दिवस गेलेले असतील किंवा जाण्याची शक्यता असेल तर मुकादमाशी तेव्हाच ठरवून घ्या: ती मोळी डोक्यावर घेणार नाही, तपासणीच्या दिवशी खाडा धरायचा नाही, आणि बाळंतपणाला गावी सोडायचं. हे बोलणं नवऱ्याने किंवा सासऱ्याने करायचं असतं. ते तिच्यावर सोडू नका.

जाणं ठरलंच, तर एका प्लास्टिकच्या पिशवीत या गोष्टी घाला: माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक. कार्डावरच्या आरसीएच नंबरसकट सगळ्यांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. कोपीला पाऊस लागला की कागद जातो. सरकारी दवाखान्यातली तपासणी आणि बाळंतपण मोफत आहे, आणि ते तुमच्याच गावात व्हावं असं बंधन नाही. फड ज्या गावात पडला त्या गावची आशा कोण, हे पहिल्या आठवड्यात विचारून तिचा नंबर घ्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची डॉक्टरांकडून खास तपासणी असते, ती तारीख धरा. लोहाची गोळी रोज एक, अशा 180 गोळ्या गरोदरपणात घ्यायच्या असतात. निघतानाच जास्तीच्या मागून घ्या. अंगणवाडीचा आहारही बंद होऊ देऊ नका. सेविकाताईंना सांगितलं तर पोषण ट्रॅकरमधून नाव तिकडच्या अंगणवाडीत हलवता येतं.

पैशाचंही बघा. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 5000 रुपये मिळतात आणि दुसरी मुलगी झाली तर 6000. खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, आणि परगावी जाऊन ते जोडणं म्हणजे डोकेदुखी. ते इथेच उरकून जा.

हा थकवा आहे, की आजार?

फडातली कुठली बाई थकलेली नसते? म्हणून हे ओळखणं अवघड जातं. आमच्याकडे बाया "उदास वाटतं" असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "डोकं गरगरतं", "छातीत धडधडतं", "अंगात त्राण नाही", "काही गोड लागत नाही". आधी रक्त तपासा. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं तर पंडुरोग, 7 च्या खाली गेलं तर तातडीने उपचार. थायरॉईड कमी असलं तरी अशाच तक्रारी असतात. रक्तवाढीच्या उपचाराने अर्ध्या तक्रारी जाताना मी पाहिल्या आहेत.

रक्त ठीक असेल, किंवा उपचार करूनही मन उठत नसेल, तर हे दोन प्रश्न स्वतःला विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खिन्न, निराश होतं का? पूर्वी आवडायच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का? एकाचंही उत्तर "हो" असेल तर डॉक्टरांशी बोला. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार विकसनशील देशांत गरोदर बायांपैकी सुमारे 15.6 टक्के आणि बाळंतिणींपैकी सुमारे 19.8 टक्के जणींना मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा, त्रास होतो. म्हणजे साधारण दर सहा-सात गरोदर बायांमागे एक. तुमच्या टोळीत पाच गरोदर बाया असतील तर त्यांच्यात एखादी असण्याची बरीच शक्यता आहे.

यावर उपचार आहेत. बोलून करायचे आहेत, आणि गरज पडली तर गरोदरपणात चालणारी औषधंही आहेत. मनाची किंवा फिट्सची गोळी आधीपासून चालू असेल तर दिवस गेले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. दवाखाना लांब असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. जीव नकोसा वाटणं, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटणं, असे विचार आले तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा, एकटं राहू नका. नवरा दारू पिऊन मारत असेल, कामावर कुणी त्रास देत असेल, तर 181 हा महिलांसाठीचा नंबर आहे. मार खाणाऱ्या बाईला "ताण घेऊ नकोस" म्हणणं निरर्थक आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणं: यातलं काहीही झालं तर ते ताणामुळे असेल म्हणून थांबू नका. 108 ला फोन करा. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी 102 ची गाडीही असते.

घरच्यांनो, तुमच्यासाठी

सासूबाई गावी आणि सून फडात असेल तर रोज एक फोन करा. "काम किती झालं" हे शेवटी विचारा, आधी "आज काय खाल्लंस, बाळ किती फिरलं" हे विचारा. थोरल्या लेकराचा आवाज तिला ऐकवा, पण "तुझ्यावाचून रडतंय" असं सांगू नका, तिला तिथून काही करता येत नाही. ओटीभरण गावी शक्य नसेल तर टोळीतल्या चार बाया मिळून कोपीतच करू शकतात. खणाऐवजी रुमाल असला तरी चालतो.

नवऱ्याने पाणी भरावं, मोळी उचलावी, रात्री बाहेर जाताना तिच्यासोबत जावं. ती पाणी कमी का पिते, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या शेवटच्या गोष्टीत असतं.

उलटही होतं. नवरा एकटा तोडीला जातो आणि गरोदर बायको गावी राहते. तिच्याभोवती माणसं असतात, पण जिच्याशी मन मोकळं करावं अशी कुणी नसते. रात्री दहा मिनिटांचा फोन, आणि त्यात नवऱ्याने बाळाबद्दल विचारणं, एवढ्यानेही तिला बरं वाटतं.

बाळ जन्मल्यावर

पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्या, अंगावर पाजा. मधाचं बोट, गुळाचं पाणी काही नको. आईच्या उघड्या छातीवर उघडं बाळ ठेवलं की त्याची ऊब टिकते, दूध उतरायला मदत होते, आणि ज्या आईला गरोदरपणात काहीच जाणवलं नव्हतं तिलाही बाळाचा वास, वजन, श्वास कळतो. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडायच्या, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्याच छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज जगभर ती पद्धत वापरतात, कोपीतही वापरता येते. बाळ अडीच किलोच्या खाली असेल तर नर्सताईंकडून बांधायची पद्धत शिकून घ्या. बाप, आजी यांनाही बाळ असं घेता येतं, तेवढा वेळ आईला झोपू द्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येणं अगदी नेहमीचं आहे, दोन आठवड्यांत ते ओसरतं. ओसरलं नाही तर वरचे दोन प्रश्न पुन्हा विचारा आणि दाखवा. एक गोष्ट मात्र वेगळी. बाळंतीण दोन-तीन रात्री झोपतच नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, बाळाला ओळखत नाही किंवा त्याच्यावर संशय घेते. याला कुणी "बाहेरचं लागलं" म्हणेल. हा मेंदूचा तातडीचा आजार आहे आणि उपचाराने बरा होतो. उतारा-अंगाऱ्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या, आणि तोवर तिला व बाळाला एकटं सोडू नका.

सव्वा महिना तिला कामावर नेऊ नका. बाळाच्या लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला असतात. हंगाम संपला नसेल तर त्या फडाजवळच्या उपकेंद्रातच घ्या, कार्डावर नोंद करून घ्या आणि गावी परतल्यावर तेच कार्ड घेऊन या. बाळाचं वजन करू, आणि आईलाही विचारू, झोप लागते का.